एकेक चमचा

गच्चीच्या कठड्यावर केळीचं पान ठेवून चंद्रप्रकाशला बराच वेळ झाला होता, पण कावळा काही येत नव्हता. पानावर सगळं त्याच्या गेलेल्या वडिलांच्या, आबांच्या, आवडीचं होतं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, अळू, भात, खीर. त्याच्या बायकोने, रत्नप्रभाने, पहाटे उठून केलेलं. कन्नमवारनगरची जुनी बिल्डिंग उभी होती तेव्हा आबांचा म्हाळ म्हणजे पाच मिनिटांचं काम असायचं. खिडकीच्या छज्ज्यावर पान ठेवलं की समोरच्या पिंपळावरून कावळे भांडतच यायचे. आता पिंपळ गेला आणि छज्जाही गेला. चौदा मजल्यांच्या वर गच्ची, गच्चीवर मोबाईलचा टॉवर, भिंतीवर 'पक्ष्यांना खाऊ घालू नये' अशी सोसायटीची पाटी, आणि पाटीखाली गुंडाळलेला पेपर हातात धरून उभा असलेला चंद्रप्रकाश.

येत होती ती कबुतरं. तो पेपर हलवून त्यांना हुसकावी आणि हुसकावल्यावर त्याला वाईट वाटे. आबा कबुतराच्या रूपात येणारच नाहीत असं कुठे लिहिलं आहे? निदान त्याच्या वाचनात तरी आलं नव्हतं. पण हे खाली जाऊन म्हणायची सोय नव्हती. घाटकोपरच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या कपाटांमध्ये नोकरी काढलेल्या माणसाचं ऐकायची धुरींच्या घरात पद्धत नव्हती, आणि आपण ऐकण्यासारखं काही बोलतो का याची त्याची त्यालाही खात्री नव्हती.

जिन्याचं दार वाजलं. नितेश होता, त्याचा धाकटा भाऊ.

"दादा, आला का रे?"

"नाही."

"मग बोलव ना."

"काव काव केलं मी. दोनदा. वॉचमन बघायला आला."

नितेश पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसला. "खाली वाट लागलीय यार. आई मानसीशी बोलत नाहीये, मानसी आईशी बोलत नाहीये, आणि सपनाताई दोघींशी बोलतेय. मी म्हटलं, मी कावळा बघून येतो."

"रिपोर्टवरून?"

"नाहीतर कशावरून?"

रिपोर्ट काल संध्याकाळी आला होता. नितेश-मानसीची श्रुतिका अकरा वर्षांची, पण अनोळखी माणूस तिला हटकून विचारायचा, दुसरीत की तिसरीत? गेल्या मंगळवारी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात तिची ग्रोथ हार्मोनची टेस्ट झाली. रात्रीपासून उपाशी ठेवून तिला नेलं, हाताला सुई लावून ठेवली, एक गोळी दिली, आणि मग दर अर्ध्या तासाने रक्त घेतलं. गोळीने शरीराला ढोसायचं आणि वाढीचं हार्मोन किती वर उसळतं ते मोजायचं, अशी ती टेस्ट. आकडा दहाच्या वर जायला हवा होता. श्रुतिकाचा चारच्या पुढे गेला नाही. आता शुक्रवारी वेगळ्या औषधाने दुसरी टेस्ट. तीही खाली आली की डोक्याचा एमआरआय, आणि मग रोज रात्री एक इंजेक्शन. काही वर्षं. रोज.

"तुला काय वाटतं, दादा? तू वाचतोस बिचतोस."

चंद्रप्रकाशने खरंच वाचलं होतं. प्रिंटआउट काढून, खुणा करून, कपाटात ठेवले होते. "मला वाटतं म्हणजे... तसं पाहिलं तर दोन्ही बाजूंनी..."

"जाऊ दे," नितेश म्हणाला. "कबुतर बघ, खिरीत पाय घातला."

मंगळवारच्या सकाळबद्दल चंद्रप्रकाशच्या मनात एक शंका होती. पण शंका त्याला सगळ्याच गोष्टींबद्दल असत. त्यामुळे ही वेगळी आहे हे ओळखायचं कसं, तेच त्याला कळलं नव्हतं. त्याने कबुतराला हाकललं.

*

खाली स्वयंपाकघरात मानसी पापड तळत होती. पाठीमागे हॉलमध्ये जे चाललं होतं ते तिला नीट ऐकू येत होतं. ऐकू जावं म्हणूनच ते चाललं होतं.

"आमच्या घराण्यात उंच कोण हा, माका सांगा," सासूबाई म्हणत होत्या. वनमालाबाई खुर्चीत मांडी घालून बसत, आणि खुर्ची प्लास्टिकची असली तरी सिंहासनासारखी दिसे. "हात पोचणा नाय म्हणान हे फळयेर उभे रवान साचे चालवायचे मिलीत. म्हणान तेंचा काय अडला? तीन पोरांची लग्ना केली मा?"

"आई, पण आकडा चार आलाय. चार!" सपना म्हणाली. मधली नणंद, घाटकोपरहून आदल्या रात्रीच येऊन राहिलेली.

"आकडो ऱ्हवांदे. चेडवाक रोज सुयो टोचूचे नाय. उद्या लग्नाच्या वेळार कोण इचारूक लागलो तर काय सांगशात?"

"आणि ते हार्मोन म्हणजे भलतंच असतं हां," मोठ्या जाऊबाई रत्नप्रभा म्हणाल्या. "माझ्या मावसबहिणीच्या शेजारी एकाला दिलेलं, तर त्याला मिशी आली."

"मुलगा होता ना तो?" सपनाने विचारलं.

"हो."

"मग येणारच मिशी, वहिनी."

मानसीने पापड उलटला. तीन वर्षं ती हेच ऐकत होती, फक्त बोलणारी तोंडं बदलत. शाळेच्या रांगेत श्रुतिका कायम पहिली. दिवाळीचा फ्रॉक पुढच्या दिवाळीला येतो आणि त्याच्या पुढच्यालाही. "नशीबवान आहेस," रत्नप्रभावहिनी म्हणायच्या, "आमच्या निहारला दर सहा महिन्यांनी पँट लागायची." युनिफॉर्म आखूड होत नाही म्हणून ज्या आईला रात्री झोप लागत नाही, तिला नशीबवान म्हणणारं घर. थायरॉईड तपासलं, ठीक निघालं. डाव्या पंजाचा एक्स-रे काढला, तर डॉक्टर म्हणाल्या, हाडांचं वय साडेआठ. हे घरी सांगितल्यावर नितेश म्हणाला होता, "म्हणजे हाडं तरुण आहेत. चांगलंच ना?" त्या रात्री तिने त्याच्याशी भांडण काढलं ते धुतलेल्या टॉवेलवरून.

काल रिपोर्ट उघडला तेव्हा ती पवईला ऑफिसात होती. आकडा वाचल्यावर मनात पहिल्यांदा जे आलं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हती. मी म्हणत होते ना! पोरीच्या शरीरात काहीतरी कमी आहे हे वाचून तिला जिंकल्यासारखं वाटलं होतं. मग ती बाथरूममध्ये जाऊन पाणी सोडून उभी राहिली.

"मम्मी, भूक लागली." श्रुतिका दारात उभी. सुई लावलेल्या जागी हातावर अजून पिवळट डाग होता.

"बस. वाढते."

"खंय वाढतंस?" हॉलमधून आवाज आला. "पान शिवला नाय अजून."

"आई, दोन वाजायला आले. मुलांना थांबवत नाहीत."

"ह्या घरात थांबतत. नितेश पाच वर्षांचो आसताना थांबलो हा."

"तो थांबला म्हणून तिने थांबायचं? तिला मंगळवारीच उपाशी ठेवलं होतं."

"ताच म्हणतंय मी! डॉक्टरान सांगल्यान तर चेडू सकाळभर उपाशी चलता. आजोबासाठी घटकाभर चलणा नाय."

मानसीने झारा कढईच्या काठावर आपटला. "ठीक आहे. मग कावळ्यालाच विचारा इंजेक्शन द्यायचं का ते!"

"मानसी, अगं हळू," रत्नप्रभा म्हणाल्या. "आजचा दिवस कसला आहे..."

श्रुतिकाला या दोघींच्या मधून वाट काढायची सवय होती. आईकडे एकदा, आजीकडे एकदा पाहून ती म्हणाली, "मग आजी, दही-साखर दे ना. तेवढी चालते ना? टेस्टच्या दिवशी दिली होतीस तशी."

कढईतला पापड काळा व्हायला लागला. कुणी तो काढला नाही.

"काय दिली होती?" मानसी म्हणाली.

"दही-साखर," श्रुतिका म्हणाली. आपण काही भलतं बोललो का, हे तिला कळेना. "हातावर."

मानसी गॅस बंद करून बाहेर आली, झारा हातातच. "आई?"

वनमालाबाईंनी पदर सारखा केला. "चमचोभर. शकुनाची. मोठ्या कामाक जाणारा माणूस घरातसून तसाच भायर पडता काय?"

"मी सांगितलं होतं! पाण्याशिवाय काही म्हणजे काही नाही! फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला होता मी, मोठ्या अक्षरांत!"

"ता खाणाचा सांगलंस. दही-साखर काय खाणा? ती कोण पॉट भरूक खाता?"

"दही आणि साखर, आई! दोन्ही पोटातच जातात!"

इतक्यात नितेश आत आला आणि नेहमीप्रमाणे चुकीच्या जागी बोलला. "काय झालं? एक चमचा ना? जाऊ दे गं, एका चमच्याने काय..."

"एक नाही," श्रुतिका म्हणाली. ती खोटं बोलत नसे. तो गुण नेमका कुठून आला यावर घरात मतभेद होते. "आजीने एक दिला. मग मोठी आईने एक."

सगळ्यांनी रत्नप्रभाकडे पाहिलं.

"मला काय माहीत आईंनी दिलाय?" रत्नप्रभा म्हणाल्या. "मी म्हटलं, गडबडीत राहून गेलं असेल. आणि दही जरा आंबट होतं, म्हणून साखर... चांगली घातली."

"चांगली म्हणजे?"

"गोड होईपर्यंत."

मानसीने मान वळवली. सपना खिडकीतून बाहेर पाहत होती, जणू पूर्व द्रुतगती मार्गावर आज काही विशेष चाललं होतं. "सपनाताई, तुम्ही मुद्दाम राहिला होतात ना मंगळवारी? माझ्या सोबतीला?"

"अगं, या घरात कुणीही परीक्षेला निघालं की मी देते. तुझ्या नवऱ्याला दहावीला कुणी दिली? निहारला सीईटीला कुणी दिली?"

"आत्याने लिफ्टपाशी दिला. मम्मी रिक्षा बघायला खाली गेली तेव्हा," श्रुतिका म्हणाली.

"म्हणजे अख्खी पंगत उठली!" नितेश हसला. मग त्याला दिसलं की श्रुतिका त्याच्याकडे पाहते आहे. "मी कुठे... अगं, तो वाटीचा तळ होता फक्त! ताईने वाटी माझ्या हातात दिली. ती घेऊन मी रिक्षात काय करणार? पुसून दिलं तिला."

"बोटाने," श्रुतिका म्हणाली.

मानसी भिंतीला टेकली. हातातला झारा टाइल्सवर तेल गाळत होता आणि रत्नप्रभांना ते पुसावंसं वाटत होतं, पण हिंमत होत नव्हती.

"सिस्टरने मला विचारलं," मानसी म्हणाली. आवाज आता चढलेला नव्हता, आणि त्यामुळे नितेश जास्त घाबरला. "रात्रीपासून काही खाल्लंय का? मी छातीठोकपणे सांगितलं, नाही. श्रुती, तू शेजारी होतीस. तू का नाही बोललीस?"

"तिने खाल्लं का विचारलं. शकुनाचं नाही विचारलं. आजी म्हणाली, ते मोजायचं नसतं."

दारात चंद्रप्रकाश येऊन उभा होता, रिकामा, कावळ्याविना. मानसीची नजर त्याच्यावर गेली. "दादा, तुम्हीसुद्धा?"

"नाही, मी दिला नाही." तो चप्पल काढायची की नाही अशा घोटाळ्यात. "मी पाहिलं."

"काय पाहिलं?"

"सगळ्यांना देताना. मी दारापाशी पेपर वाचत होतो. माझ्या वाचनात असं आलं होतं की साखर पोटात गेली की ते हार्मोन दबतं. वर येत नाही. म्हणून तर उपाशी ठेवतात. मला वाटलं, बोलावं."

"मग बोलला का नाहीत?"

"पहिल्या चमच्याला वाटलं, डॉक्टरांनी तेवढी मोकळीक दिली असेल. मग दुसरा झाला. तिसरा झाला." त्याने चष्मा काढला. "इतकी माणसं एकामागून एक देताहेत म्हटल्यावर मलाच वाटलं, आपलं वाचन चुकलं असेल."

पहिल्या बोलल्या त्या वनमालाबाई.

"म्हणजे आकडो खोटो!" त्या खुर्चीतून उठल्याच. "आयकलास मा? चेडू बरा हा माझा. काय एक कमी नाय. संपला! सुयो नको, डोक्याचो फोटो नको."

"हो ना," रत्नप्रभा लगेच म्हणाल्या. "मी म्हणतच होते, बारीक चणीची आहे."

"खोटा नाही!" मानसी ओरडली. "खरा आहे असंही नाही! काहीच नाहीये तो! सकाळभर हात बांधल्यासारखी पडून होती पोर, गोळीने डोळे मिटत होते तिचे, थंडगार पडली होती, आणि एवढं सगळं करून हातात काय, तर काहीच नाही! आणि शुक्रवारी? शुक्रवारीही दिली असतीत ना?"

"मगे?" वनमालाबाई म्हणाल्या. "एकदाच देतत काय?"

*

सपनाने तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. सपना मानसीच्या खांद्याला लागे. बोलताना तिला कायम मान वर करावी लागे, आणि म्हणून ती कायम भांडायला आल्यासारखी दिसे.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली.

"काय?"

"हॉस्पिटलात. सांगू नकोस. शुक्रवारी हवं तर तिला कुलपात ठेव, मी स्वतः दारात बसते. दुसरी टेस्ट नीट होऊ दे. पण एक खाली आलीय ना? राहू दे ती खाली. इंजेक्शन मिळालं तर मिळू दे पोरीला. होईल चार बोटं उंच, कुणाचं काय जातं?"

मानसी पाहत राहिली. सकाळपर्यंत हीच सपना दोन्हीकडून बोलत होती.

"तू आलीस तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं, तुला नाही माहीत," सपना म्हणाली. "पोलीस भरतीला गेले होते मी. धावण्यात पहिली आले. गोळा फेकला, तिथेही वर होते. मग पट्टीखाली उभं केलं. मी केस वर बांधून गेले होते, अंबाडा घालून, खाली पिना भरून. मोजणाऱ्या बाईने पंजा ठेवला आणि अंबाडा दाबला. असा. दीड सेंटिमीटर कमी पडले, मानसी. घरी आले तर आबा म्हणाले, आपलं घराणंच बुटकं, त्यात रडायचं काय. आईपण तेच. आज तेच परत ऐकलं ना तू? आता दुकानात साड्या काढायला मला स्टूल लागतं. गिऱ्हाईक हसतं कधी कधी. मी पण हसते."

बाहेर कुणीतरी टाइल्स पुसत होतं. मानसी पलंगावर बसली. सांगायचं नाही. किती सोपं होतं ते. सांगितलं तर पहिली टेस्ट रद्द. मग पुन्हा सुई, पुन्हा ती गोळी, आणि त्यानंतर आणखी एकदा. आणि तिन्हींच्या शेवटी आकडा बारा आला तर? या हॉलमध्ये तिला जन्मभर तो बारा ऐकावा लागेल. उगीच पोरीला टोचटोच टोचलं. तीन वर्षं ती एकटी बरोबर होती, त्यातली एक संध्याकाळ तरी तिला मिळाली होती. तीही आता परत द्यायची.

दार ढकललं गेलं. चंद्रप्रकाश पाणी घेऊन आला होता. त्याने ऐकलं होतं हे त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं. तो काहीतरी पुटपुटला.

"काय?" सपना म्हणाली. "दादा, जरा मोठ्याने बोलत जा रे!"

"मी म्हटलं..." त्याने पेला टेबलावर ठेवला, मग जागा बदलून पुन्हा ठेवला. "म्हणजे मला त्यातलं कळत नाही. पण औषध मग कुणासाठी चालू करायचं? श्रुतीसाठी, की त्या दह्यासाठी?"

"चार बोटांनी काय बिघडतं?"

"बिघडणार नाही कदाचित. पण रोज रात्री सुई आपण टोचणार नाही ना, सपने. ती टोचून घेणार." आणि आपण फार बोललो असं वाटून तो मागे सरला. "मी आपलं सुचवलं."

सपनाने केसांवरून हात फिरवला, डोक्याच्या मधोमध, जिथे कधीतरी अंबाडा होता.

मानसीने फोन उचलला. हॉलमधून जाताना तिने स्पीकर लावला. ऐकायचंच असेल सगळ्यांना, तर ऐकू दे.

"हार्मोन ओपीडी."

"सिस्टर, मी श्रुतिका धुरीची आई. मंगळवारची टेस्ट. तिने... तिला सकाळी खायला दिलं गेलं होतं. मला आत्ता कळलं."

"काय दिलं होतं?"

"दही-साखर."

"किती?"

मानसीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सासूबाई खिडकीकडे, रत्नप्रभा फडक्याकडे, नितेश स्वतःच्या बोटाकडे. "तीन चमचे. आणि वाटीचा तळ."

"थांबा हां." बराच वेळ फोनवर जाहिरात वाजत राहिली, गुडघ्यांच्या ऑपरेशनची. मग सिस्टर परत आल्या. "मॅडम म्हणाल्या, मंगळवारचा रिझल्ट धरायचा नाही. शुक्रवारी तीच टेस्ट पहिल्यापासून. दुसरी त्यानंतर बघू. आणि मॅडम, फक्त पाणी हां. घरच्यांना पण सांगा."

"ऐकताहेत," मानसी म्हणाली.

फोन ठेवल्यावर हॉलमध्ये कुणी कुणाकडे पाहिना. श्रुतिका हात मागे घेऊन उभी होती, सुईचा हात. "म्हणजे पुन्हा?" तिने विचारलं.

"पुन्हा," मानसी म्हणाली, आणि तिचं सगळं बळ तेवढ्यावर संपलं.

वनमालाबाई खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. "वाढा पोराक," त्या म्हणाल्या.

"आई, पान अजून..." रत्नप्रभा म्हणाल्या.

"वाढ म्हणतंय मा? ह्यांची दुपारपाळी आसतली आज. सुटले की येतले नि जेवतले. तेंका थंड जेवची सवय हा." आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवून, कुणाकडेही न बघता, त्या म्हणाल्या, "खीर जास्त घाल तिका."

*

शुक्रवारी पहाटे वनमालाबाईंना जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. मानसी फ्रिजपाशी स्टुलावर बसली होती. नेसून तयार, पर्स मांडीवर, पाठ फ्रिजच्या दाराला. बँकेच्या दारातला बंदूकवाला बसतो तशी.

म्हातारी दारात थबकली. गेल्या मंगळवारी ही पोर अशीच तयार होऊन निघाली होती, हे तिला आठवलं. सगळी चेडवाच्या मागे. हिच्या हातावर कुणी काही ठेवलं नव्हतं. काम तर हिचंच होतं. डॉक्टरांशी बोलायचं हिने, रक्त निघताना पोरीचा हात धरायचा हिने, आकडा वाचायचा हिने. आणि आकडा खाली आला, तर आमच्या घराण्यात काहीतरी कमी आहे हे तोंडावर सांगायचंही हिनेच. त्याची भीती वनमालाबाईंना वाटत होती; हिलाही वाटत असेल, हे त्यांच्या आज ध्यानात आलं.

त्यांनी रात्रीच दही वेगळं काढून देवघराच्या मागे ठेवलं होतं. ती वाटी घेऊन त्या आल्या.

मानसी उभी राहिली. "आई! पुरे! एकदा सांगून..."

"ओरडा नको. चेडू निजलेला हा. हात पुढे कर."

"तिला नाही द्यायचं!"

"तिका कोण देता? तुका. हात कर."

मानसीला काही कळेना. तिने हात पुढे केला तो बहुतेक थकून. चमचाभर दही-साखर तिच्या तळहातावर पडली.

"तिच्या वाटणीची तू खा," वनमालाबाई म्हणाल्या. "शकुन होवक व्हयो. पोटात कोणाच्या जाता तेचा काय?"

मानसीने खाल्लं. दह्याची चव तिला कळली नाही. साखर दाताखाली कचकन लागली. तेवढ्यात मागून रत्नप्रभा आल्या, पदराला हात पुशीत. "मला पण द्यायचंय हां. साखर मी बेताची घालते." सपना रात्रीच मुक्कामाला आली होती, तिने चमचा भरताना मान वर करून मानसीकडे पाहिलं, "नीट बस तिच्यापाशी," एवढंच म्हणाली. नितेशने वाटीचा तळ पुसला आणि बोट पुढे केलं. मानसीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते स्वतःच्याच तोंडात घातलं.

शेवटी दारात चंद्रप्रकाश. आयुष्यात त्याने कुणाला दही-साखर दिली नव्हती. ते बायकांचं किंवा मोठ्यांचं काम, आणि आपण नेमके कशात मोडतो हे त्याला ठाऊक नव्हतं. "मी दिलं तर चालेल का?" त्याने विचारलं.

"दादा," मानसी म्हणाली, "द्या आता लवकर. रिक्षा खाली आलीय."

हॉस्पिटलात तीच खोली, तोच पलंग. श्रुतिकाने न सांगता हात पुढे केला आणि मान दुसरीकडे वळवली. सिस्टरने रबरी पट्टा बांधला, मग थांबून मानसीकडे पाहिलं.

"रात्रीपासून काही खाल्लं?"

मानसीच्या बोटांना अजून साखर चिकटलेली होती. पोट जड होतं, सकाळच्या वेळी कधी नसतं इतकं. तिने हात पर्सच्या मागे नेला.

"हिने नाही," ती म्हणाली.